लघुत्तम माप

सोमवारी पहाटे, कोलंबसच्या विमानतळावर
माझी पेटी यंत्रात शिरते आणि पट्टा थांबतो.
थांबणारच. आत पितळेची अकरा वजनं,
मखमलीत निजलेली, एक ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत.
पडद्यावर त्यांचं काय दिसतं देव जाणे.
"ही कुणाची?" "माझी."
पोरगा नवा असला तर आधीच सांगतो,
बोट लावू नको. बोटाचा ओशटपणा लागला
तरी वजन बदलतं. हे घे हातमोजे.
तो माझ्याकडे बघतो, मग वजनांकडे,
मग साहेबाला हाक मारतो.
वर्षातले चाळीस सोमवार असेच उजाडतात.

धान्याच्या कोठारांचे काटे तपासतो मी,
ओहायोतून उडून कॅन्ससात, नेब्रास्कात.
ट्रक चढतो, आकडा डुलतो, ठरतो,
आणि मी सांगायचं, हा खरा की खोटा.

काम वाईट नाही. उगीच का रडू?
राजाच्या पलंगावर तिरकं झोपायला मिळतं.
एकदा फुकटात पुढच्या रांगेत बसवलं,
चिनीमातीच्या वाटीत गरम काजू;
मोजून खाल्ले, घरी सांगितलं नाही.
सलाइनाच्या पुढे रस्ता इतका सरळ
की स्टीअरिंग धरणं हा निव्वळ शिष्टाचार.
मार्चमध्ये प्लॅट नदीवर क्रौंच उतरतात,
आभाळभर कलकलाट.
तेही फिरतीवरचेच,
पण सहकुटुंब.

मंगळवारी बाथरूम डावीकडे असतं,
बुधवारी उजवीकडे.
शनिवारी रात्री, स्वतःच्या घरात,
मी कपाट उघडून अंधारात उभा,
हिच्या साड्यांमध्ये दिव्याचं बटण चाचपत.
वृंदा आधी हसायची.
आता झोपेतच म्हणते, "उजवीकडे, पाहुणे."

एकदा ओला टॉवेल जमिनीवर टाकला, सवयीनं.
तिनं उचलला नाही. मी विसरलो.
रविवारी बॅग भरायला घेतली
तेव्हा तिथेच होता, वाळून कडक,
पडला त्याच घड्यांसकट.

निहारचा आवाज फुटला तो मी विचिटात ऐकला.
वाटलं राँग नंबर. ठेवणारच होतो.
"बाबा, मीच आहे," तो म्हणाला,
चार शब्दांत दोन आवाज.

गेल्या ऑक्टोबरात, ओकली गावी,
ज्वारीचे ट्रक येत होते. हो, ज्वारी.
इथे गुरांसाठी पिकते.
कुणी बघत नाहीसं पाहून मूठभर तोंडात टाकली.
दाताखाली तोच कचकच आवाज,
पण जिभेला ओळख पटेना, किंवा तिला माझी.
संध्याकाळी ट्रक संपले.
सत्तर फुटी पोलादी काट्यावर, काही कारण नसताना,
मी जाऊन उभा राहिलो, मधोमध.
वारा पडलेला. कोठाराची सावली पार रस्त्यापलीकडे.
खिडकीतून डार्लीन ओरडली, "एकशे साठ!"
घरच्या काट्यावर मी एकशे चौसष्ट असतो.
"चार पौंड कुठे गेले?"
"ट्रकचा काटा आहे तो," ती म्हणाली,
"विसाच्या पटीत बोलतो. चाराला कोण विचारतं?"
आणि खिडकी लावून घरी गेली.

काट्यात दोष नव्हता.
सकाळीच मी तसा दाखला दिला होता,
माझ्या सहीचा.

शुक्रवारी विमान दोन तास उशिरा.
घरी पोचलो तेव्हा साडेअकरा,
आणि स्वयंपाकघरात दिवा, थालीपिठाचा वास;
निहारला हल्ली रात्री-अपरात्री भूक लागते म्हणे.
वृंदानं दार उघडलं, पेटी घ्यायला हात पुढे केला,
मग काय वाटलं कोण जाणे,
पेटी सोडून माझं मनगट धरलं.
बोटं तेलानं माखलेली.
"थांब, हात धुते," ती म्हणाली.
मी म्हटलं, राहू दे.